धक्क्यावर किती मुलं

४ फेब्रुवारी

साडूभाऊ,

नमस्कार, आणि लगेच तक्रार.

फोन न करता मुद्दाम लिहितोय. फोनवर आपण दोघं एकमेकांना 'बरं बरं, बघतो' म्हणतो. फोन ठेवला की मी आमच्या हिच्याजवळ तुमच्याबद्दल कुरकुरतो, तुम्ही तुमच्या हिच्याजवळ माझ्याबद्दल. मग त्या दोघी बहिणी एकमेकींशी बोलतात आणि आठवडाभराने आपलंच बोलणं तिखटमीठ लावून आपल्याकडे परत येतं. त्यापेक्षा कागदावर बोललेलं बरं.

आपल्या सासूबाईंच्या शाळेसाठी आपण दोघं मिळून जो तरंगता धक्का करतोय, त्याच्या घनफळाने माझं डोकं फिरायची वेळ आणली आहे. लोखंडी सांगाडा आणि वरच्या फळ्या माझ्या वर्कशॉपच्या. खाली पाण्यात राहणारे प्लॅस्टिकचे अठ्ठेचाळीस बंद डबे तुमच्या कारखान्याचे. ते डबे किती लिटर पाणी बाजूला सारतात त्यावर तळ्याकाठी लाँचची वाट बघत किती मुलं उभी राहू शकतात हे ठरणार. इथवर आपलं एकमत आहे ना? मग मला सांगा, तीच फाइल, तोच कॉम्प्युटर, तोच मी. सोमवारी घनफळ आलं पाच हजार तीनशे चाळीस लिटर. गुरुवारी चार हजार आठशे चाळीस. आज सकाळी चहा घेत फाइल उघडली तर साडेतीनशे! अहो, साडेतीनशे लिटरवर तर माझा सांगाडासुद्धा तरंगायचा नाही, मुलं दूरच राहिली.

मी कशालाही हात लावलेला नाही. फाइल तुमच्या-माझ्या दोघांच्या फोल्डरमध्ये असते, म्हणजे उरलं कोण ते तुम्हीच ओळखा.

आईंचा दिवसाआड फोन येतो. "झालं का?" एवढंच विचारतात, पण ते त्या शाळेत ज्या आवाजात विचारतात त्याच आवाजात. मला बावन्नाव्या वर्षी गृहपाठ न केल्यासारखं वाटतं.

तुमचा,
थोरला साडू

---

७ फेब्रुवारी

भाऊ,

पत्र मिळालं. वाचून आधी पाणी प्यायलो.

साडेतीनशेचं उत्तर सोपं आहे. माझ्या प्रत्येक डब्याची फाइलमध्ये दोन रूपं आहेत. एक पोकळ: त्यातून नुसतं प्लॅस्टिक किती लागेल ते कळतं. दुसरं भरीव: त्यातून डबा किती पाणी सारेल ते कळतं. तुम्ही पोकळ रूप उघडून त्याचं घनफळ काढलंत. म्हणजे अठ्ठेचाळीस डब्यांचं फक्त प्लॅस्टिक मोजलंत, आतली हवा सोडून दिलीत. आणि तरंगते ती हवाच. तेव्हा कृपा करून फाइल उघडताना 'भरीव' निवडत चला. हे मी डिसेंबरात सांगितलं होतं. तुम्ही 'हो हो' म्हणाला होतात.

सोमवारच्या आणि गुरुवारच्या आकड्यांत फरक पडला असेल, तर मी मध्ये थोडी साफसफाई केली होती. विशेष काही नाही. तुम्ही काळजी करू नका.

आईंचा फोन मलाही येतो. मला त्या "तुमच्या थोरल्यांचं काय चाललंय?" असं विचारतात. मी काय सांगणार!

ताईंना नमस्कार.

धाकटा

---

१२ फेब्रुवारी

साडूभाऊ,

'विशेष काही नाही' हे शब्द मी परत परत वाचले. पाचशे लिटर गायब झाले आणि विशेष काही नाही! माझ्या वर्कशॉपमध्ये कुणी एवढा गज गायब केला असता तर त्याला मी दारातूनच वाटेला लावला असता. तुम्ही घरचे, म्हणून गप्प बसलो.

असो. घोळ मी निस्तरला आहे. काल दिवसभर बसून सगळं जागच्या जागी आणलं. आता भरीव रूपातच आकडा परत पाच हजार तीनशे चाळीस येतो. धक्क्याचं स्वतःचं वजन सतराशे चाळीस किलो वजा करा, उरतात छत्तीसशे. त्यातलं निम्मं राखीव सोडा, उरतात अठराशे. दप्तरासकट एका मुलाचे पंचेचाळीस धरले की बरोबर चाळीस मुलं. एक अख्खा वर्ग. आईंना हवं तेच.

आता मेहेरबानी करा आणि फाइलला हात लावू नका. धारणक्षमतेच्या कागदावर नियमाने डबे करणाऱ्याची सही लागते, तेवढी करून पाठवा. कागद सोबत जोडला आहे. 'मुलांची संख्या' पुढची जागा मी भरून ठेवली आहे.

थोरला साडू

---

१५ फेब्रुवारी

भाऊ,

सही केलेली नाही. का ते सांगतो.

तुमचं पत्र यायच्या आदल्या दिवशी मी फाइल उघडली, तेव्हा आकडा तुमचाच होता, पाच हजार तीनशे चाळीस. आमच्या साच्याशी तो कुठेच जुळेना, म्हणून मी बसून सगळं ठीक केलं. जेवून येऊन परत बघतो तर चार हजार आठशे तीस! कारखान्यातल्या एका टेबलाशी बसून मी एकटाच हसलो आणि मग कपाळावर हात मारला. शेवटी धक्का खालून बघितला, म्हणजे पडद्यावर उलटा केला. वरून तुमच्या फळ्यांनी सगळं झाकलेलं असतं, त्यामुळे आजवर दिसलं नव्हतं. निम्म्या डब्यांच्या पोटाखाली पन्हळी आहेत आणि निम्म्यांच्या नाहीत. निम्मे डबे आत्ताचे आहेत, निम्मे नोव्हेंबरातल्या जुन्या चित्रातले.

नोव्हेंबरातले डबे फाइलमध्ये कुणी आणून बसवले, भाऊ? आणि माझं काम चालू असताना, तेही एकेक करून?

मी रागावलेलो नाही. म्हणजे रागावलोय, पण विचारतोय.

धाकटा

---

१८ फेब्रुवारी

साडूभाऊ,

मी बसवले. लपवण्यासारखं त्यात काय आहे?

झालं असं की गुरुवारी आकडा घसरलेला बघितला आणि मला वाटलं, तुमच्या हातून डबे बिघडले. नंतर तर त्यांचे कानही पार खुडल्यासारखे दिसायला लागले. डब्याच्या चार कोपऱ्यांना ते कान असतात, ज्यांत खुंटी घालून शेजारचे डबे एकमेकांना जोडतात, त्यांचं म्हणतोय. मग काय करायचं? तुम्हाला फोन करून 'तुमचं चुकलं' म्हणू? धाकट्या साडूला? उद्या तुमच्या हिने आमच्या हिला विचारलं असतं, तुझा नवरा स्वतःला काय समजतो! त्यापेक्षा गुपचूप जुने, धडधाकट डबे काढून एकेक करून बदलले. तुम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणूनच बोललो नाही. दुसऱ्या दिवशी बघतो तर परत खुडके. परत बदलले. परत खुडके! मला वाटलं तुमच्या कॉम्प्युटरलाच काहीतरी रोग जडलाय.

तुम्हीही काहीतरी बदलत होतात आणि ताकास तूर लागू देत नव्हतात, हे आज कळतंय. 'साफसफाई' म्हणे!

थोरला

---

२१ फेब्रुवारी

भाऊ,

तुमचं पत्र मी आमच्या हिला वाचून दाखवलं. ती पोट धरून हसली. म्हणाली, "आईच्या जेवणाच्या टेबलाचं तुम्ही दोघांनी हेच केलंय." ते टेबल डुगडुगायचं. तुम्ही एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलीत, कुणाला न सांगता. पुढच्या वेळी मी आलो, तर ते मला एका बाजूला चढं वाटलं, म्हणून मी समोरच्या पायाखाली घडी घातली. तीही कुणाला न सांगता. मग तुम्ही, मग मी. ही म्हणते, टेबल आता दोन बोटं उंच झालंय आणि अजून डुगडुगतंच. आईंनी हे सगळं बघितलंय आणि मुद्दाम काही बोललेल्या नाहीत.

आता खरं सांगतो, कारण मीही तुम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणूनच गप्प होतो. थोरल्या साडूला काय शिकवायचं!

कान खुडलेले नाहीत. नोव्हेंबरातल्या चित्रात प्रत्येक कान पूर्ण जाडीचा होता. खऱ्या साच्यात तो पाव जाडीचा आहे, कारण एका कोपऱ्यात चार डब्यांचे चार कान एकावर एक बसतात. चित्रात ते चारही पूर्ण जाडीचे, म्हणजे एकमेकांत घुसलेले. कॉम्प्युटरला त्याचं काही वाटत नाही. तो एकेका डब्याचं घनफळ घेतो आणि बेरीज करतो. एका खुर्चीत चार माणसं बसली आहेत असं त्याला सांगितलं, तर तो चार खुर्च्या अडल्या असं लिहून मोकळा होतो. ती कोपऱ्यातली जागा आपण चार वेळा मोजत होतो. कान नीट केले की पाचशेवीस लिटर गेले. पोटाखालच्या पन्हळी साच्यात नंतर आल्या, डबा दबू नये म्हणून. त्यांचे आणखी पाचशे. ते गुरुवारचे.

सगळे डबे आत्ताचे, सगळे कान खरे, सगळी रूपं भरीव: चार हजार तीनशे वीस लिटर. आज तीनदा फाइल बंद करून उघडली. तीनदा तेच.

तुमच्याच रीतीने पुढचा हिशेब केला तर मुलं येतात अठ्ठावीस. अठ्ठाविसावर मी आजच सही करतो. आणि यापुढे फाइलमध्ये बदल एकट्या माझ्या हातून. तुम्हाला काही बदलावंसं वाटलं तर लिहा, कितीही कडक शब्दांत लिहा.

एक विचारायचं राहिलं. ही म्हणते की आईंनी धक्क्यावर लावायची पाटी रंगवून घेतली आहे आणि तिच्यावर 'चाळीस' लिहिलंय. त्यांना चाळीस कुणी सांगितले?

धाकटा

---

२४ फेब्रुवारी

साडूभाऊ,

मी सांगितले. जानेवारीतच. त्यांनी विचारलं, मी पडद्यावर बघितलं, सांगितलं.

आता तुम्ही म्हणता अठ्ठावीस. म्हणजे प्रत्येक वर्गातली बारा मुलं पायऱ्यांवर थांबणार, लाँच दोनदा येणार, शेवटची मुलं घरी पोचेपर्यंत अंधारणार. आईंनी माझ्या आकड्यावर अख्ख्या शाळेचं वेळापत्रक बसवलंय. पालकांच्या सभेत उभं राहून सांगितलंय, "माझे थोरले जावई म्हणतात चाळीस." त्यांनी आजवर माझं नाव चारचौघांत कधी घेतलेलं मला आठवत नाही. लग्नातसुद्धा 'मुलाकडचे' एवढंच म्हणाल्या होत्या.

मी मार्ग काढलाय. निम्मं राखीव सोडायचं हे कुठल्या दगडावर कोरलंय? एक तृतीयांश सोडू. अडतीस मुलं येतात. अडतीस म्हणजे चाळीसच की! मुलांमध्ये दोघंतिघं हडकुळी असतातच. तुमचे लिटर मी मान्य केले, आता तुम्ही माझं एवढं मान्य करा.

नवा कागद जोडला आहे. या वेळी उगाच लांबण लावू नका. सही करा आणि विषय संपवा. थोरला म्हणून एवढा शब्द तरी राहू दे.

थोरला

---

२७ फेब्रुवारी

भाऊ,

सही करणार नाही.

निम्मं राखीव का सोडतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, तरी लिहितो. मुलं धक्क्यावर पेरल्यासारखी उभी राहत नाहीत. लाँच दिसली की सगळी एका काठाला धावतात, जागा पकडायला. त्या वेळी वजन अठ्ठेचाळीस डब्यांवर नसतं, एका रांगेवर असतं. ते निम्मं त्या एका क्षणासाठी असतं. तुम्ही त्यातूनच कापताय.

दहा वर्षांत मी तुम्हाला एकदाही 'नाही' म्हटलेलं नाही. गाडी कुठली घ्यावी, मुलीला कुठल्या शाळेत घालावं, सगळ्याला 'बरं भाऊ' म्हणत आलो आणि मग घरी जाऊन हवं ते केलं. इथे तसं करता येत नाही. कागदावर अडतीस लिहिले की अडतीस पोरं खरोखर तिथे उभी राहणार.

माझ्या लिटरवर विश्वास नसेल तर तुमच्या वर्कशॉपच्या हौदात एक डबा दाबून बघा, सांडलेलं पाणी मोजा. नव्वद लिटर भरेल. आणि राखीव किती हवं ते मोजायचं असेल, तर धक्का पाण्यात सोडल्यावर मुलांच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या ठेवा. चाळीस ठेवा, तुमच्या मनासारखं. आणि मग त्या लाँचच्या बाजूला सरकवा.

आईंना मी काही सांगितलेलं नाही. ते तुमच्या तोंडून जावं असं मला वाटतं.

रागावलात तर रागवा.

धाकटा

---

१९ मार्च

साडूभाऊ,

इतके दिवस लिहिलं नाही. तुम्ही ओळखलंच असेल, रागावलो होतो. आमची ही दोनदा म्हणाली, "लिहा ना त्यांना." मी म्हटलं, त्या माणसाला माझ्या शब्दाची किंमत नाही. ती म्हणाली, "त्यांना लिटरची आहे." मग तिच्याशीही दोन दिवस बोललो नाही.

हौदात डबा दाबला. तो वर येऊ बघतो, चार माणसं लागली. नव्वद लिटर भरले. मग म्हटलं, ठीक, पण राखिवाचं माझंच खरं करून दाखवतो. काल धक्का तळ्यात सोडला. अलीकडच्या काठालाच, दोरांनी बांधून. आईंना मुद्दाम बोलावलं. त्या पायऱ्यांवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या.

चाळीस गोण्या चढवल्या, सगळीकडे सारख्या पसरून. धक्का मस्त राहिला. मी आईंकडे बघून हात हलवला. वर्कशॉपच्या माणसांना म्हटलं, आता लाँचच्या बाजूला सरकवा. तुम्हाला खोटं पाडायची मला केवढी घाई झाली होती ते काय सांगू! माणसं फळीवर बसून गोण्या पायाने ढकलत होती. अर्ध्यावर असताना धक्क्याचा काठ थोडा झुकला. मी म्हणालो, चालू द्या. त्यानंतर काय झालं ते नीट दिसलंच नाही, इतक्या पटकन झालं. काठ पाण्याखाली गेला, पाणी फळ्यांवरून आत आलं, आणि गोण्या एकामागून एक घसरल्या. फार आवाजसुद्धा झाला नाही. एक माणूस दोराला लोंबकळला, बाकीच्यांनी मागे उड्या मारल्या. सगळे सुखरूप आहेत. गोण्या गेल्या त्या जागी जरा वेळ बुडबुडे येत होते, मग तेही थांबले.

मी वाळूच भरली होती, साडूभाऊ. माझ्या देखत, फावड्याने. तरी मला ते बुडबुडे बघवेनात.

आई पायऱ्या उतरून खाली आल्या. त्यांनी विचारलं, "धाकट्यांनी किती सांगितले होते?" मी म्हटलं, अठ्ठावीस. "ठेवून बघा," म्हणाल्या. वजन गेल्यावर धक्का परत सरळ झाला होता; उरलेल्या आणि जादा भरून आणलेल्या गोण्या मिळून अठ्ठावीस ठेवल्या, त्याच काठाकडे सरकवल्या. काठ झुकला, पाण्याच्या वर चार बोटं राहून थांबला आणि तसाच राहिला. आई बराच वेळ बघत होत्या. मला वाटलं आता मला सगळ्या माणसांसमोर ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त वेळापत्रक बदलायला कितीसा वेळ लागेल ते विचारलं, तेही स्वतःलाच, आणि निघून गेल्या. आज पाटीवर नवा रंग चढलाय.

कागद पाठवतोय. 'मुलांची संख्या' पुढची जागा कोरी ठेवली आहे, तुमच्या हाताने भरा. फाइलही तुमच्याकडेच राहू द्या.

काल रात्रीपासून एकच गोष्ट मनातून जात नाही. माझं चुकलं ते चुकलंच, त्याचं मी आईंसमोर काय ते बघेन. पण समजा, डबे मी केले असते आणि सही माझी लागली असती. तुम्ही थोरले असतात आणि असंच पत्र मला लिहिलं असतंत, एवढा शब्द राहू द्या म्हणून. मी नाही म्हटलं नसतं, साडूभाऊ. मी सही केली असती.

तुमचा,
थोरला